पायाखालचा कातळ, पायातला जोडा : डोंगरधावेच्या पादत्राणांचा इतिहास

आजच्या विषयाची सूचना लागली तेव्हा दोघातिघांनी विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत बुटांचं काय काम? प्रश्न रास्त आहे. किल्ले, लेणी, तह, लढाया हे आपले नेहमीचे विषय. पण देवगिरीला वेढा घालणारा शिपाई असो, नाहीतर अजिंठ्याच्या वाटेला लागलेला भिक्खू, शेवटचा डोंगर तो पायांनीच चढला. त्या पायांत काय होतं, हे मात्र आपण फारसं विचारत नाही.

आज हे विचारायला एक निमित्तही आहे. आपल्या शहरात पहाटे गोगाबाबा टेकडीकडे गेलात तर धावणारी माणसं दिसतात. त्यात दोन तऱ्हा आहेत. काहींच्या पायात दहा-बारा हजारांचे, सोलला खोल दाते असलेले बूट असतात. त्यांना ट्रेल रनिंग शूज म्हणतात. काहींच्या पायात आठवडी बाजारातले तीन-चारशे रुपयांचे बूट असतात, किंवा काहीच नसतं. ही दुसरी मंडळी म्हणजे बहुतेक भरतीची पोरं. टेकडी एक, चढ एक, दगड तेच. फरक फक्त पायातला.

ट्रेल रनिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. डांबरी रस्ता सोडायचा आणि पायवाटेनं, कातळातून, मुरुमातून, चिखलातून लांब पल्ला धावायचा. आल्प्समध्ये मों ब्लां शिखराभोवती २००३ पासून अशी एक शर्यत होते. अंतर सुमारे १७० किलोमीटर आणि एकूण चढाई जवळजवळ १०,००० मीटर. आपल्याकडे साताऱ्याची यवतेश्वर घाटातली हिल मॅरेथॉन २०१२ पासून आहे, पण ती डांबरावरची. खरी पायवाटेची म्हणावी अशी सिंहगड-राजगड-तोरणा ही शर्यत २०१८ पासून होते. तिचा मोठा पल्ला १०० किलोमीटरचा आहे.

या शर्यती नव्या आहेत, त्यांचे बूटही नवे आहेत. पण डोंगरातून लांब धावणं नवं नाही, आणि त्यासाठी पायात काय घालावं हा विचारही नवा नाही. आज आम्हाला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली, डोंगरातला जोडा कसा असावा हे जमीन ठरवते. दुसरी, तो जोडा कोणाच्या पायात पडणार हे समाज ठरवतो. पहिली गोष्ट आपल्याला फार पूर्वीच समजली होती. दुसरीचा हिशेब अजून बाकी आहे.

सुरुवात जमिनीपासून करू. आपण बसलोय तो सगळा मुलूख लाव्हाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे थरावर थर पसरत गेले. त्या दगडाला आपण बेसॉल्ट किंवा साधा काळा पाषाण म्हणतो. भूशास्त्रज्ञ या प्रदेशाला दख्खन ट्रॅप म्हणतात. त्यातला ट्रॅप हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. देवगिरीकडे लांबून पाहा, अजिंठ्याच्या रांगेकडे पाहा, खरोखरच पायऱ्या दिसतात. कडा, मग सपाटी, परत कडा.

धावणाऱ्याच्या दृष्टीनं या जमिनीचे चार अवतार आहेत. एक, उघडा कातळ. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो आणि पावसाळ्यात शेवाळ धरून निसरडा होतो. दोन, झिजलेल्या दगडाचा मुरूम. उतारावर तो पायाखालून गोट्यांसारखा सरकतो. तीन, काळी माती. ओली असताना ती बुटाला अशी चिकटते की चार पावलांत एकेक पाय किलोभर जड होतो. चार, काटे. बाभूळ, बोर, हिवर. एका धावेत हे चारही भेटू शकतात. युरोपातल्या डोंगरासाठी बनवलेला बूट इथं कधीकधी तोंडघशी पाडतो, त्याचं कारण हेच.

आता एक फार जुना दाखला पाहू. विनयपिटकाच्या महावग्गात एक आख्खं प्रकरण चामड्याबद्दल, म्हणजे मुख्यतः वहाणांबद्दल आहे. त्याची सुरुवात होते सोण कोळिविस नावाच्या एका श्रीमंत घरच्या तरुणापासून. अतिशय नाजूक पायांचा हा मुलगा भिक्खू झाला आणि अनवाणी येरझाऱ्या घालत ध्यान करू लागला. इतक्या घातल्या की तळपाय फुटून वाट रक्तानं माखली. बुद्धांनी त्याला वीणेचं उदाहरण दिलं. तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. आणि त्याला एकपदरी तळाची वहाण घालायची परवानगी दिली. तो म्हणाला, मला एकट्याला नको, सर्वांना मिळणार असेल तर घेईन. मग ती सगळ्या भिक्खूंना मिळाली.

पण गोष्ट इथं संपत नाही, आणि पुढचा भाग तर थेट आपल्याकडचा आहे. अवंती आणि दक्षिणापथाकडच्या मुलखात राहणारे महाकच्चान हे स्थविर आपल्या शिष्याला बुद्धांकडे श्रावस्तीला पाठवतात. निरोपात पाच मागण्या असतात. त्यांतली एक वहाणांची. ते कळवतात की आमच्याकडची जमीन वरून काळी आहे, खरखरीत आहे, आणि गुरांच्या खुरांनी तुडवून काट्यासारखी झाली आहे. एका पदराच्या तळानं इथं भागत नाही. बुद्ध मागणी मान्य करतात. सीमेकडच्या सगळ्या प्रदेशांत अनेक पदरी तळाच्या वहाणा चालतील, असा नियम होतो.

मंडळी, हे वर्णन जरा नीट ऐका. काळी माती पावसाळ्यात मऊ असते. त्यातून गुरं जातात, खुरांचे खोल ठसे उमटतात, आणि दिवाळीनंतर तेच ठसे वाळून कडक होतात. त्यांच्या कडा वर उभ्या राहतात. शेतातून अनवाणी चाललेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पालीत त्याला गोकंटक असा शब्द आहे, म्हणजे गुरांनी केलेले काटे. गंगेच्या गाळाच्या मऊ जमिनीवर तयार झालेला नियम इथल्या जमिनीनं बदलायला लावला. आज बूट विकणारे ज्याला जाड सोल आणि आतली संरक्षक पट्टी म्हणतात, त्याची मागणी आपल्या बाजूच्या माणसांनी तेव्हाच नोंदवलेली आहे.

याच काळ्या जमिनीवरून आपलं पैठण, जुन्या नावानं प्रतिष्ठान, उत्तरेशी जोडलेलं होतं. सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरी ब्राह्मणाचे सोळा शिष्य पैठणहून माहिष्मती, उज्जैन करत उत्तरेकडे निघाल्याचं वर्णन आहे. अजिंठ्याची सर्वात जुनी लेणी, पितळखोरा, आपल्या शहरामागच्या डोंगरातली लेणी ही सगळी अशाच वाटांच्या आसपास आहेत. तिथं येणारा जाणारा माणूस पायीच यायचा.

आता चालण्याकडून धावण्याकडे येऊ. चौदाव्या शतकात महंमद बिन तुघलकानं राजधानी देवगिरीला आणली आणि तिचं नाव दौलताबाद झालं, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्या राज्यात आलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथल्या डाकेचं वर्णन करतो. डाक दोन प्रकारची होती, घोड्यांची आणि पायी धावणाऱ्यांची. पायी डाकेच्या चौक्या मैलाच्या तिसऱ्या हिश्शावर एक अशा होत्या. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात दोन हात लांबीची काठी, तिच्या टोकाला तांब्याचे घुंगरू. घुंगरांचा आवाज आला की पुढच्या चौकीतला माणूस कंबर कसून उभा राहायचा आणि पत्र हातात पडताच सुटायचा. इब्न बतूता सांगतो की ही पायी डाक घोड्याच्या डाकेपेक्षाही वेगवान होती.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली आहे. सुलतान दौलताबादला असायचा तेव्हा त्याला प्यायला गंगेचं पाणी लागायचं. ते चाळीस दिवसांच्या वाटेवरून आणलं जायचं, याच धावणाऱ्यांच्या साखळीनं. विंध्य, सातपुडा, नर्मदा, तापी, अजिंठ्याची रांग हे सगळं ओलांडून. जगातल्या लांब पल्ल्याच्या डोंगरधावांचा इतिहास लिहायचा तर त्यात हे प्रकरण यायला हवं. इब्न बतूतानं काठीची लांबी लिहिली, घुंगरू कोणत्या धातूचे ते लिहिलं. पायांबद्दल काही लिहिलं नाही.

पुढं मराठेशाहीतही हेच दिसतं. पत्रव्यवहारात जासूद-जोडीचा उल्लेख वारंवार येतो. जासूद बहुधा दोघे मिळून निघायचे, वाटेत एक पडला तर दुसरा पोचावा म्हणून. दिल्लीची खबर पुण्याला ते आणायचे. १६६० च्या जुलैमध्ये भर पावसात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे रातोरात गेलेले मावळे तर आपल्या सर्वांच्या मनात आहेत. दरवर्षी त्या वाटेनं हजारो तरुण पावसात चालतात. तलवारी, भाले टिकले. चामडं ओल खातं, कुजतं, म्हणून वहाणा मागे राहिल्या नाहीत. पण त्या बनवणारे होते, आणि त्यांचं ज्ञान आजपर्यंत आलेलं आहे.

ते ज्ञान काय होतं? कोल्हापुरी चपलेचं उदाहरण घेऊ. तिची निर्मिती कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर इथली. २०१९ मध्ये या आठ जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडे आणि वहाण बांधायचं काम चांभार समाजाकडे, अशी जुनी विभागणी. कातडं कमवायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात. तळाला म्हशीचं जाड कातडं, पदरावर पदर. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही.

इथं थोडं थांबू या. बाभळीचा काटा पायात मोडतो, आणि त्याच बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं त्या काट्याला अडवतं. हे कुणा प्रयोगशाळेत ठरलं नाही. ज्यांना रानात रोज चालायचं होतं आणि ज्यांना हातानं काम करायचं होतं, त्यांनी मिळून ते शोधलं. अनेक पदरी तळ, जमिनीलगतची टाच, बोटांना मोकळी जागा. हे तिन्ही गुण आजच्या चांगल्या डोंगरी बुटातही शोधले जातात.

मर्यादाही सांगायला हव्यात. असं कमावलेलं कातडं पाण्यात मऊ पडतं आणि ओल्या कातळावर त्याला पकड नसते. म्हणून पावसाळ्यात चिखलाची वाट लागली की लोक वहाणा काढून हातात घ्यायचे. जुनं ते सोनं म्हणून कोल्हापुरी घालून तोरणा धावायला जाऊ नका, असं आम्ही स्पष्टच सांगू. ती चालायची वहाण आहे, कोरड्या मुलखाची आहे, आणि त्या कामात ती उत्तम आहे.

आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू. वहाण हातात घेण्याचं आणखी एक कारण होतं, ते पावसाचं नव्हतं. गावगाड्यात कितीतरी ठिकाणी दलितांना वरच्या जातींच्या आळीतून पायात वहाण घालून जायला मनाई होती. ज्यांच्या हातांनी अवघ्या गावाचे पाय झाकले, त्यांना गावात शिरताना स्वतःच्या पायातलं काढून घ्यावं लागायचं. आपल्या भाषेत पायताण ही शिवी कशी झाली, याचं उत्तर चामड्याच्या कामाला दिलेल्या या जागेत आहे. अनवाणी असणं ही अनेकांसाठी गरिबी होती आणि काहींसाठी सक्ती होती.

पायांवरची बंदी वहाणेपुरती नव्हती. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाची धूळ अंगावर होती. दाराजवळच्या हौदातलं थोडं पाणी घेऊन काहींनी हातपाय, तोंड धुतलं. अस्पृश्यांनी हौद बाटवला अशी ओरड झाली, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. शेवटी आत पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना किल्ला पाहू दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. ज्या किल्ल्यातल्या सुलतानासाठी माणसं चाळीस दिवसांच्या वाटेवरून पाणी घेऊन धावली, त्याच किल्ल्याच्या दारात सहाशे वर्षांनी पाय धुण्यावरून हे झालं. डोंगर सगळ्यांसाठी मोकळा असतो, असं आपण सहज म्हणतो. इतिहास तसं म्हणत नाही.

याच काळातली एक क्रीडा-इतिहासातली गोष्ट. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर सामने भरले होते आणि सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बहुतेक जण शेतकरी कुटुंबांतले. ते अनवाणी धावत होते. त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जाते, हे दोराबजींच्या लक्षात आलं. त्यातून पुढच्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात होते. ४२.७५ किलोमीटरची ती मॅरेथॉन त्यांनी २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. आपल्या मुलखातला लांब पल्ल्याचा धावणारा जगाच्या नकाशावर आला तो असा.

ही गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा अनवाणी या शब्दावर जोर देतो. पाहा, बूट नसतानाही धावले! नंतरच्या धावपटूंबद्दलही तेच. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यांचं लहानपणीचं अनवाणी धावणं बातम्यांचा मथळा झालं. आपल्या मराठवाड्यातले, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे रोज सहा किलोमीटर अंतर कापून शाळेत जायचे. पुढं ते ३००० मीटर स्टीपलचेसचे राष्ट्रीय विक्रमवीर झाले, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. कौतुक करायलाच हवं. पण बूट नसणं हे त्यांच्या यशाचं कारण नव्हतं. ते त्यांच्या वाटेतला अडथळा होता आणि तो त्यांनी ओलांडला.

इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचं उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. १९६० च्या रोम ऑलिम्पिकची मॅरेथॉन त्यांनी अनवाणी जिंकली, हे सगळ्यांना माहीत असतं. १९६४ ची टोकियोची मॅरेथॉनही त्यांनीच जिंकली, या वेळी पायात बूट घालून, आणि तीन मिनिटं आधी. हे सांगायचं आपण विसरतो.

मग आज जे बूट आपण पाहतो ते आले कुठून? त्याची सुरुवात रबरापासून होते. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक घालून रबर टिकाऊ करायच्या पद्धतीचं पेटंट १८४४ मध्ये घेतलं. त्यानंतर कापडी बूट आणि रबरी तळ ही जोडी शक्य झाली. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं आणि पांढरे कॅनव्हासचे बूट शाळाशाळांत पोचले. सह्याद्रीत भटकणाऱ्या जुन्या पिढीला विचारा, ते कॅनव्हासच्या हंटर बुटांच्या आठवणी सांगतील. स्वस्त, घोट्यापर्यंत येणारे, भिजले तरी वाळणारे.

डोंगरासाठीचा खास तळ मात्र एका अपघातातून आला. १९३५ मध्ये इटलीतले गिर्यारोहक विताले ब्रामानी यांच्या बरोबरचे सहा जण आल्प्समध्ये वादळात सापडून गेले. त्यांच्या पायातले बूट त्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडणारे नव्हते. तोवर डोंगरात लोखंडी खिळे ठोकलेले बूट घालत. ब्रामानी यांनी टायर बनवणाऱ्या पिरेलींची मदत घेतली आणि १९३७ मध्ये खोल खाचांचा रबरी तळ तयार केला. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा दिसतो म्हणून त्याला तसंच नाव पडलं. १९५४ मध्ये के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायात हाच तळ होता. पुढं १९७१ मध्ये अमेरिकेत बिल बॉवरमन या प्रशिक्षकानं घरातल्या वॉफलच्या साच्यात रबर ओतून हलका, खाचांचा धावायचा तळ करून पाहिला. एकीकडे डोंगराचा जड तळ, दुसरीकडे धावायचा हलका तळ. आजचा ट्रेल शू या दोघांच्या मधला आहे.

टायरवरून आपल्याकडची एक वस्तू आठवली असेल. ट्रकच्या जुन्या टायरच्या चपला. आपल्या आठवडी बाजारांत कितीतरी वर्षं त्या विकल्या गेल्या. जड, पण काटा आत येत नाही आणि झिजता झिजत नाहीत. मेक्सिकोच्या डोंगरातले ताराहुमारा हे आदिवासी अशाच टायरच्या वहाणा वाद्यांनी पायाला बांधून धावतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लेडव्हिल इथं, दहा हजार फुटांवरच्या डोंगरात, १०० मैलांची शर्यत त्यांच्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या व्हिक्तोरियानो चुरो यांनी जिंकली. इटलीतला गिर्यारोहक टायरवाल्याकडे गेला, मेक्सिकोतला धावणारा टायरकडे गेला आणि आपला चांभारही टायरकडेच गेला. तिघांनाही दगडावर टिकणारी वस्तू हवी होती. त्यातली एक जगभर विकली जाणारी कंपनी झाली, बाकीच्या दोन बाजारात बसून राहिल्या.

आता तुमच्यातले काही म्हणतील, हे सगळं ठीक, पण घ्यायचं काय? तेही सांगू, पण जमिनीकडून सांगू. आपल्या भागात उन्हाळ्या-हिवाळ्यात कातळ आणि मुरूम जास्त. त्यासाठी तळाचे दाते फार उंच नकोत, तीन-चार मिलिमीटर पुरतात. त्याहून उंच दाते कातळावर वाकतात आणि पाय डगमगतो. पावसाळ्यात गौताळ्याच्या किंवा म्हैसमाळच्या मातीत जायचं असेल तर पाच मिलिमीटरच्या आसपासचे आणि एकमेकांपासून लांब लांब असलेले दाते बघा. जवळ जवळ असले की त्यांच्यात काळी माती बसते, आणि बसली की तळ सपाट झाल्यासारखाच. ओल्या कातळावर दाते फार कामाचे नाहीत, तिथं रबर किती मऊ आणि चिवट आहे यावर पकड ठरते. शेवाळ असेल तर कुठल्याही बुटावर भरवसा न ठेवता चालत जावं, हे उत्तम.

लांब पल्ल्यात पाय सुजतो. उतारावर तो पुढं सरकतो आणि बोटं बुटाच्या टोकावर आपटतात. तोरण्याहून उतरलेल्यांची काळी पडलेली नखं पाहिली असतील. म्हणून बूट संध्याकाळी, मोजे घालून मापून घ्यावा आणि बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा ठेवावी. चवड्याखाली पातळ कडक पट्टी असलेला बूट टोकदार दगडापासून वाचवतो. महाकच्चानांच्या अनेक पदरी तळाचं आजचं रूप तेच. पाणी आत येऊच नये असे बूट आपल्या पावसात उलटे पडतात, कारण वरून शिरलेलं पाणी बाहेरही जात नाही. जाळीदार कापडाचे बरे. आणि नवे बूट घालून थेट शर्यतीला उतरू नये, हे तर घरातली मोठी माणसंही सांगतील.

पण आमच्या मते खरा प्रश्न पुढचा आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. त्या काही सेकंदांवर एका घराचं भवितव्य ठरतं. मराठवाड्यातल्या गावागावांतून ही मुलं शहरात येतात, खोली करून राहतात, टेकडीवर सराव करतात. पाय मुरगळला, तळव्याला जखम झाली, नडगीचं दुखणं लागलं, की महिनाभराचा सराव गेला. ज्याच्या पायात बारा हजारांचा बूट आहे त्याला जखम झाली तर एक शर्यत हुकते. या मुलांची भरती हुकते. बुटाची जास्त गरज कोणाला आहे, हे यावरून पाहा.

यावर करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. हौशी धावणारे दर वर्षी-दीड वर्षाला बूट बदलतात. तळ झिजलेला असतो, वरचा भाग बऱ्याचदा धड असतो. असे बूट धुऊन, मापाप्रमाणे लावून भरतीच्या मुलांपर्यंत पोचवणं धावपटूंच्या कुठल्याही गटाला जमेल. तळ बदलायचं काम आपल्या चौकातल्या कारागिराला येतं. त्याला चांगलं रबर मिळवून द्यावं लागेल आणि मोबदला देताना घासाघीस थांबवावी लागेल. २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी वहाण दिसली आणि सुरुवातीला तिचं मूळ सांगितलं गेलं नाही, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडणं बरोबर होतं. पण ती वहाण बांधणाऱ्याच्या पुढच्या पिढीला या कामात राहावंसं वाटेल, एवढा मान आणि पैसा आपण त्याला दिला का, हा प्रश्न मिलानला विचारून सुटणार नाही.

सोण कोळिविसाची गोष्ट म्हणूनच आम्हाला महत्त्वाची वाटते. वहाण मिळाल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला तो बाकीच्यांना मिळणार का, हा. आपल्या शहरात टेकडीवर धावणारे वाढताहेत, शर्यती वाढताहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पुढच्या शर्यतीची नोंदणी करताना आयोजकांना एवढंच विचारा, की नोंदणीच्या मेजाशेजारी जुन्या बुटांची एक पेटी ठेवाल का? ठेवली, तर पहिली जोडी कोणाच्या पायाला बसते ते पाहायला आम्हीही येऊ.

प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे.